काचेमागचा काळा रंग

ससाण्याला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी तो घराघरांत होताच. युद्धात शत्रूची एकोणीस विमानं पाडणारा वैमानिक! त्याच्यावर सिनेमे निघाले, गाणी निघाली, दप्तरांवर तो झळकला, मोबाइलवरच्या खेळात तर अजून रोज उडायचा. खेळण्यांच्या कारखान्यातल्या चित्रकार बाईंनी बावीस वर्षं त्याचंच विमान रंगवलं होतं, प्लास्टिकचे भाग जोडून करायच्या विमानांच्या खोक्यांवर. वर ससाणा, खाली कोपऱ्यात शत्रूचं पेटलेलं विमान. त्या पेटलेल्या विमानाच्या शेपटीवरचा चौऱ्याहत्तर हा आकडा त्यांनी एका जुन्या फोटोवरून उचलला होता.

खेळण्यांच्या प्रदर्शनात बाई खोक्यांवर सह्या करत बसल्या होत्या. रांगेतला एक म्हातारा पुढे आला. त्यानं खोका ठेवला आणि कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"हा माझा थोरला भाऊ."

"कोण, ससाणा?" बाईंना चेष्टाच वाटली.

"नाही हो. हा चौऱ्याहत्तर. मी सीमेपलीकडून आलोय." आवाजात राग नव्हता. "एकच विचारायचंय. यानं उडी मारलीय, की अजून आतच आहे?"

बाईंनी सहीचं पेन खाली ठेवलं.

"त्याचं काहीच सापडलं नाही. आई जाईपर्यंत हेच विचारायची. म्हटलं, चित्र काढणाऱ्याला माहीत असेल."

रांगेत चुळबुळ सुरू झाली. बाईंनी कसाबसा त्याचा पत्ता लिहून घेतला.

घरी येऊन त्यांनी मूळ चित्रावर भिंग धरलं. विमानाच्या काचेमागे नुसता काळा रंग होता. एवढ्याशा जागेत माणूस कोण काढत बसणार, म्हणून त्यांनी तेव्हा चक्क कंटाळा केला होता. आता मात्र त्या काळ्यातून कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय असं वाटायचं. भाजी चिरता चिरता हात थांबायचा. शेजारच्या रेडिओवर ससाण्याचं गाणं लागलं, की त्या खिडकी लावून घ्यायच्या.

"अगं, चित्र आहे ते," नवरा समजावायचा.

"म्हणूनच तर! मीच कोंडलंय ना त्याला आत."

नव्या आवृत्तीसाठी चित्र मागितलं गेलं, तेव्हा बाईंनी चौऱ्याहत्तरच्या काचेचं झाकण उघडं काढलं आणि धुरापासून दूर एक पांढरं पॅराशूट. कारखान्याच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, ससाण्याच्या हातून कुणी सुटत नाही. लोक आपल्याला फाडून खातील." कॉम्प्युटरवर पॅराशूट पुसलं गेलं. छापून आलेल्या खोक्यावर तिथलं आभाळ जरा जास्तच गुळगुळीत दिसत होतं. दुकानात गेल्या की बाईंची नजर नेमकी तिथेच जायची. पुढे त्यांनी ससाण्याचं काम घेणंच बंद केलं.

पॅराशूट असलेलं मूळ चित्र त्यांनी म्हाताऱ्याला पाठवून दिलं. महिन्याभरानं त्याचा फोन आला.

"चित्र पोचलं. समोरच लावलंय." मग त्यानं विचारलं, "बाई, वारा कुठल्या दिशेला आहे हो?"

वाऱ्याचा विचार बाईंनी केलाच नव्हता.

"तुमच्या बाजूला," त्या म्हणाल्या. "सीमेपलीकडे."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला, आणि फोन तसाच कानाला धरून राहिला. बाईंनाही ठेवावासा वाटला नाही.