फसलेल्या किटलीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी मातीची किटली आहे. हसत जवळ येणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो, कारण आमच्या कार्यशाळेची रीतच तशी आहे. भांड्यात दोष सापडला की त्याच दिवशी हातोडा! कार्यशाळेचं नाव खराब व्हायला नको ना.

मला घडवणारी मुलगी तिथे शिकत होती. तिला लहानाची मोठी करणाऱ्या मावशीचे हात थरथर कापतात. अशा हातांना न सांडता चहा ओतता येईल, अशी किटली कशी असावी, हा तिच्या संशोधनाचा विषय. तिने कितीतरी किटल्या केल्या, मावशीकडून ओतून घेतल्या आणि रीतीप्रमाणे फोडल्या. नळाजवळ ब्रश ठेवायला कुणाला तरी बरी वाटले, म्हणून मी वाचले. त्यातही मला काहीतरी डाव दिसला.

शेवटी दोन कानांची, म्हणजे दोन्ही हातांनी धरता येणारी, देखणी किटली तयार झाली. सगळ्यांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

परीक्षेच्या तोंडावर तिचे सर म्हणाले, "नुसती किटली काय दाखवतेस? इथवर पोचलीस कशी, ते दाखव. संशोधन म्हणजे तेच. नाहीतर पदवी विसर."

मुलीचा चेहरा पडला. दाखवायचं होतं त्याच्या तर ठिकऱ्या झाल्या होत्या! मग तिने घाईघाईने दोन नव्या किटल्या केल्या. एकीची चोच मुद्दाम वाकडी, दुसरीची मूठ मुद्दाम तोकडी. मला घासूनपुसून त्यांच्या पंगतीला बसवलं. माझा फार संताप झाला. मी मनापासून फसले होते, या दोघी ठरवून फसल्या होत्या.

परीक्षेला बाहेरून तपासनीस बाई आल्या. संशयात त्या माझ्याही वरताण. ओतणारे हात बघायचे म्हणून त्यांनी मावशीलाही बोलावलं होतं. मला पाहताच मावशीने हात मागे घेतला.

"अगं बाई, ही भवानी अजून आहे? हिने भाजलं होतं मला! आणि ह्या दोघी कोण गं? ह्या नाही कधी माझ्या हातात आल्या."

सर छताकडे बघू लागले.

"ह्या मी परवाच केल्या," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "खऱ्या फोडून टाकल्या, बाई. ही एकच उरलीय."

बाईंनी त्या दोघींना बाजूला सारलं. "मावशी, भाजलं कसं?"

"हात थरथरला की दुसरा आपोआप आधाराला जातो ना, तो गेला हिच्या तापलेल्या पोटावर. हे बघा, इथे." मावशीने माझ्यावर तळवा ठेवला.

बाईंनी देखणी किटली वळवून पाहिली. तिचा दुसरा कान नेमका त्याच जागी होता.

"मग हे सांगायचं सोडून नाटक कशाला केलंस?"

"मावशीला भाजलं, ही चूक कशी दाखवायची, असं वाटलं," मुलगी म्हणाली.

बाईंनी खोटेपणाचे गुण कापले, पण पदवी दिली. माझा जीव भांड्यात पडला. मुलीने मला जपून फळीवर ठेवलं, तरी मी अजून तिच्या हातांवर नजर ठेवून असते.

मित्रांनो, तुमचं फसलेलं काम फोडू नका, आणि खोटं फसलेलं तर मुळीच करू नका. कुणी तुमच्यापुढे एकदम बिनचूक किटली ठेवली, तर वाहवा करण्याआधी एवढंच विचारा: हिच्या थोरल्या बहिणी कुठे आहेत?