बारक्याचा डाख

"रात्री खाली थाळी ठेवते मी," डॉक्टरांची नात म्हणाली. "सकाळी पाव थाळी पेट्रोल असतं."

दादा मोटरसायकलीपुढे उकिडवे बसले. कार्बोरेटरच्या बुडाशी एक थेंब जमला, फुगला, जरा लोंबला आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडला. पुढचा थेंब येईपर्यंत त्यांनी मनात आकडे मोजले. नऊ झाले. एवढी गळणारी गाडी रस्त्यावर काढायची नसते, असं त्यांनी तिला सांगितलं. थाळी तर घरात मुळीच ठेवायची नाही, त्यापेक्षा टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी अंगणात उभी करायची. हे सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टाकीच्या डाव्या अंगाला पोचा होता, त्याच्याकडे ते पाहत होते. गाडी त्यांनी फाटकातून आत येतानाच ओळखली होती.

मुलीने पिशवीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. आत फडक्यात गुंडाळलेला कार्बोरेटर होता. गाडीवर आत्ता आहे तो दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आहे, हा मूळचा, आजोबा काहीच टाकून देत नसत, तर हाच दुरुस्त करून बसवा, असं तिने भरभर सांगितलं. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. शनिवारी येते म्हणून ती निघून गेली.

डबा दिवसभर टेबलावर तसाच पडून राहिला. दादांनी आधी एका स्कूटरची केबल बदलली, मग दुसऱ्या एका गाडीची चेन घट्ट केली, तीही फारशी ढिली नव्हती.

हे गॅरेज आप्पांचं, म्हणजे दादांच्या वडिलांचं. आप्पांनी दोन्ही मुलांना कामं वाटून दिली होती. थोरले दादा, धाकटा बारक्या. बारक्या एकसष्ट वर्षांचा झाला तरी बारक्याच राहिला, त्याला इलाज नाही. पेट्रोल आत येण्याची वाट दादांची: कॉक, नळी, नीडल आणि नीडल जिच्यात बसते ती सीट. सीट काढायचा पान्हा दादांनी स्वतः घासून बनवला होता आणि त्याला ते कोणाला हात लावू देत नसत. जिथे कान आणि बोटं लागतात ते सगळं बारक्याचं. डाख द्यावा तर बारक्याने. कथील वितळवून तो असं ठिगळ लावायचा की तांदळाचा दाणा चिकटलाय असं वाटावं. आप्पा गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचे आणि दादाही हसून मान डोलवायचे. पण ते हसणं त्यांना दर वेळी थोडं जड जायचं.

सव्वीस वर्षांपूर्वी डॉक्टरांची गाडी अशीच गळत आली होती. कार्बोरेटरच्या वाटीत एक पोकळ पितळी फ्लोट असतो. पेट्रोल वर आलं की तो तरंगत वर येतो आणि नीडल दाबून पेट्रोलचं दार बंद करतो. त्या फ्लोटला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. बारक्याने डाख दिला, दादांनी सीट साफ करून परत बसवली. तिसऱ्या दिवशी वाटी भरून वाहिली, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडलं आणि भडका उडाला. डॉक्टरांचा उजवा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भाजला.

डॉक्टरांचा मेहुणा गॅरेजमध्ये येऊन उभा राहिला तेव्हा शेजारचा शिंपी होता, दोन गिऱ्हाइकं होती, खुर्चीत आप्पा होते आणि टेबलाशी बारक्या. काम कोणी केलं होतं, असं त्याने विचारलं. दादांनी कार्बोरेटर उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. तरी ते म्हणाले, "डाख बारक्याने दिला होता. सुटला असणार."

बारक्याने वाद घातला नाही. तो महिनाभर रोज डॉक्टरांकडे जायचा, त्यांना उठवायचा, बसवायचा, दवाखान्यात नेऊन आणायचा. मग गॅरेजमध्ये आला, आपला डगला खुंटीवर अडकवला आणि पुन्हा आला नाही. त्यानंतर त्याने डाख द्यायचं हत्यार हातात धरलं नाही. गोदामात हमाली केली, आता एका वसाहतीच्या फाटकावर पहारेकरी होता. भाऊ लग्नाकार्यात भेटायचे आणि गुडघ्यांबद्दल बोलायचे.

आणखी एक गोष्ट होती, ती दादांनी कधी कोणाला सांगितली नव्हती. भडक्यानंतर चार-आठ दिवसांनी टेबल झाडताना त्यांना एक फायबरचा वॉशर सापडला होता. कागदासारखी पातळ चकती. गॅरेजमध्ये असे शंभर वॉशर पडलेले असतात. दादांनी तो डब्यात टाकला आणि डब्याचं झाकण लावलं. त्यापुढे त्यांनी स्वतःला काही विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी कार्बोरेटर उघडला. स्क्रूंवर भडक्याची काजळी तशीच होती, त्यानंतर तो कोणी उघडला नव्हता. फ्लोट घेऊन ते मागच्या खोलीत गेले आणि बायकोकडे पातेलंभर कडकडीत पाणी मागितलं.

"काय शिजवताय?" तिने विचारलं.

फ्लोट पाण्यात बुडवून धरला की भोकातून बुडबुडे येतात. दादांनी चिमट्याने तो दाबून धरला. पाणी निवत आलं तरी एकही बुडबुडा आला नाही. डाख जसाच्या तसा होता, तांदळाच्या दाण्याएवढा, काळवंडलेला, पण घट्ट.

मग त्यांनी आपला पान्हा घेतला आणि सीट काढली. सीटखाली वॉशर हवा होता. तो नव्हता. नीडल बिचारी दार घट्ट लावून बसली होती आणि पेट्रोल चौकटीच्या फटीतून आत येत होतं. सीट उलटीपालटी करून ते दिव्याखाली धरून राहिले, जणू वॉशर कुठे लपून बसला असेल.

बायकोला त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तिने पातेलं उचलून बाहेर नेऊन ठेवलं, ते आता स्वयंपाकाचं राहिलं नव्हतं.

"शनिवारपर्यंत बघू," दादा म्हणाले. "एखाद्या दिवशी जाऊन सांगेन म्हणतो."

"जायचं तर उद्या सकाळी जा. परवा तुमचा गुडघा दुखायला लागेल."

सकाळच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. काय बोलायचं ते त्यांनी तीनदा जुळवलं. त्यांना मनातून वाटत होतं की बारक्याला हे ठाऊकच असणार. तो म्हणेल, मला तेव्हाच कळलं होतं दादा, जाऊ दे. सव्वीस वर्षं त्यांनी त्या एका वाक्याच्या आधारावर काढली होती.

बारक्या फाटकाजवळच्या खोपटात स्टुलावर बसला होता. गणवेश खांद्यावर सैल झालेला. थोरल्या भावाला पाहून तो उठला, स्टूल त्यांच्याकडे सरकवलं, वहिनी बरी आहे ना म्हणाला. दादा बसले नाहीत. डॉक्टरांची नात, डबा, गरम पाणी, असं सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. वॉशरपाशी आल्यावर जुळवलेलं वाक्य सापडेना.

"सीटखाली मी वॉशर घातलाच नव्हता," ते म्हणाले. "डाख सुटला नव्हता, बारक्या. चूक माझी होती."



"म्हणजे माझा डाख टिकला होता?"

दादांनी होकारार्थी मान हलवली. बारक्याला ठाऊक नव्हतं. काहीच ठाऊक नव्हतं.

"मी पोरांना सांगितलं होतं," बारक्या सावकाश म्हणाला. "थोरल्याला या कामात यायचं होतं. त्याला म्हटलं, आपल्या हाताला यश नाही, माझ्या हाताने एक माणूस भाजलाय. नको शिकूस." मग त्याने विचारलं, "डॉक्टरांना कळलं होतं का?"

"नाही. मलाच काल कळलं." मग दादांना तो झाडताना सापडलेला वॉशर आठवला आणि त्यांनी मान खाली घातली. "कळून घेतलं काल. वॉशर तेव्हाच सापडला होता टेबलावर. मी डब्यात टाकला."

"आप्पांना?"

"नाही."

बारक्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर दादांना बरं वाटलं असतं.

"दादा, तू ते चारचौघांत बोलला होतास," तो म्हणाला. "त्या चौघांतलं आता कोण उरलंय?"

दादांनी मनातल्या मनात मोजलं. डॉक्टरांचा मेहुणा नाही, आप्पा जाऊन अठरा वर्षं झाली, शिंप्याच्या जागी औषधांचं दुकान आलं. गिऱ्हाइकांची तर नावंही आठवत नव्हती. त्यांनी खिशातून फडकं काढलं, त्यातला फ्लोट भावाच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हा बघ तरी."

बारक्याने तो कानाशी नेऊन हलवला. आत पेट्रोलचा थेंब असता तर वाजला असता. त्याने पुन्हा हलवला. मग अंगठ्याने डाख चाचपला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. गोदामातल्या कामाने अंगठा इतका राठ झाला होता की त्याला डाख लागला की नाही कोण जाणे. तो डोळे बारीक करून पाहत होता, पण ते बारीक काम आता त्याला दिसण्यासारखं नव्हतं.

"शनिवारी गाडी द्यायची आहे, फ्लोट लागेल," असं दादांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

बाहेर हॉर्न वाजला. फाटकाशी एक मोटार येऊन थांबली होती, आत बसलेल्या माणसाला घाई होती आणि तो पुन्हा हॉर्न वाजवत होता. बारक्याने टोपी सारखी केली. डाव्या हाताने अडसर काढून त्याने फाटक ओढलं आणि बाजूला उभा राहिला. मोटार आत शिरताना सलाम करायचा म्हणून त्याचा उजवा हात सवयीने कपाळापर्यंत गेला, पण फ्लोटवर मिटलेली मूठ त्याने उघडली नाही.