आत हाय काय दुखायला?

भाकरी तव्यावर असतानाच मनकर्णाच्या पोटात डाव्या अंगाला कळ उठली. ती चुलीपुढेच आडवी झाली आणि ओकू लागली. नवरा गहिनीनाथ ओसरीवरूनच म्हणाला, "गॅस झाला आसंल."

"गॅस न्हाई. आत काईतरी पिळतंय."

"पिशवी काढून पंचवीस वरसं झाली. आता आत हाय काय दुखायला?"

हा इकडचा ठरलेला प्रश्न. ऊसतोडीला महिन्याची अडचण नको म्हणून तिशीतच बायांच्या गर्भपिशव्या काढलेल्या. त्यानंतर बाईचं पोट म्हणजे रिकामं मडकं, असा गावाचा समज. गावातल्या डॉक्टरनेही पोटाला हात न लावता तेच विचारलं आणि दोन गोळ्या पुढे सरकवल्या. मनकर्णाचं डोकंच फिरलं. दुखतंय मला आणि सांगतंय गाव! तिने गोळ्या टेबलावरच ठेवल्या, पदर खोचला आणि नगरची एसटी धरली. गहिनीनाथ पुटपुटत मागे आला.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. "मावशी, पिशवी काढलीय, पण अंडाशय आतच आहेत. डाव्या अंडाशयावर गाठ आहे, तिच्या ओझ्याने त्याला पीळ पडलाय. ऑपरेशन आजच करायला हवं. पाळी जायच्या वयानंतर अशी गाठ कॅन्सरची असू शकते. दोन्ही अंडाशय काढू आणि तपासायला पाठवू."

नर्सने संमतीचा कागद गहिनीनाथपुढे धरला. मनकर्णाने तो ओढून घेतला.

"मागल्या बारीला सही यांची हुती. काय काढलं, काय ठिवलं, मला कुनी सांगितलं न्हाई. पोट माझं, सही बी माझी." आणि कळ दाबत, वेड्यावाकड्या अक्षरांत तिने पूर्ण नाव लिहिलं.

ऑपरेशननंतर दहा दिवसांनी रिपोर्ट आला. गहिनीनाथ डॉक्टरीणबाईंच्या कानाशी लागला, "तिला सांगू नका."

"मलाच सांगा!" मनकर्णा कडाडली. "आन मराठीत लिहून द्या."

कॅन्सर होता. गाठीबाहेर गेलेला दिसत नव्हता, पण पुढचे उपचार घ्यावे लागणार होते. मनकर्णाला भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी बाईंनी लिहिलेला कागद तिने नवऱ्याच्या हातात दिला.

"आत हाय काय दुखायला, आसं इचारलं हुतं न्हवं? वाचा आता. मोठ्यानं."

गहिनीनाथ घसा खाकरून वाचायला लागला.