पट्टीची गाठ

जन्मापासून आंधळ्या माणसाला चेंडू आणि चौकोनी ठोकळा हाताने ओळखता येतो. उद्या त्याला दिसू लागलं, तर हात न लावता, नुसतं बघून तो सांगेल का, यातलं कोणतं काय? त्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या रुआँ शहरातल्या विद्वानांमध्ये या एका प्रश्नावरून उभे दोन तट पडले होते.

आन्सेल्म कॉर्विसीने या प्रश्नापायी उमेदीची वर्षं घालवली होती. बटणं शिवणारी जन्मांध पेरीन त्यानेच शोधून काढली. गॉद्री या शल्यवैद्याला राजी केलं तेही त्यानेच. गॉद्रीने सुईने तिच्या डोळ्यांतला पडदा बाजूला सारला आणि वर पट्टी बांधली. ती सोडायची होती विद्वानांच्या बैठका भरवणाऱ्या मादाम व्हेर्नीच्या दिवाणखान्यात, निमंत्रितांसमोर. रुआँमध्ये असले प्रयोग खुर्च्या मांडूनच होत.

पेरीनला प्रश्न विचारायचा मान मात्र मादामने विरुद्ध तटातल्या दलास्त्रला दिला.

"तुमचा आवाज मागपर्यंत पोचत नाही हो," ती आन्सेल्मला म्हणाली. "दलास्त्र बोलायला लागला की बायकांचे पंखे थांबतात."

दलास्त्रने हा विषय गेल्या शरद ऋतूत हाती घेतला होता. तोही जेवता जेवता, कालवं सोलत. माणसाच्या बुद्धीला आकार उपजतच कळतो, असं तो सांगे आणि लोक माना डोलवत. अनुभवाशिवाय माणसाला काहीही कळत नाही, हे आन्सेल्म वर्षानुवर्षं सांगत आला होता. तेव्हा लोक जांभया देत. आता त्याला तिसऱ्या रांगेतली खुर्ची मिळाली होती, खांबाआडची.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी आन्सेल्म गॉद्रीच्या घरी, पेरीनला दिलेल्या खोलीत शिरला. गॉद्री घरी नव्हता.

"कोण? कॉर्विसीसाहेब ना?" पेरीन म्हणाली. "पावलं फरफटत येणारे तुम्हीच."

"पट्टी जरा सोडतो. क्षणभरच."

"गॉद्रीसाहेब माझं डोकं फोडतील!"

"तुला इथं आणलं कुणी?"

"तुम्ही. बरं, सोडा. मला तरी कुठं धीर आहे?"

त्याने गाठ आधी नीट पाहून घेतली. तो रिबिनींच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता. गाठी त्याला समजत. मग पट्टी काढून त्याने चेंडू आणि ठोकळा टेबलावर ठेवले.

"यातला चेंडू कोणता?"

पेरीनचे डोळे पाणावले. "साहेब, डोळ्याला काहीतरी चिकटल्यासारखं वाटतंय. वस्तू कुठाय?"

"समोर. दोन आहेत. नीट बघ."

"बघतेच आहे की! दोन डाग आहेत. डागाला का नाव असतं?"

आन्सेल्मला आनंदाने हसू फुटलं. उद्या दलास्त्र भर दिवाणखान्यात तोंडघशी पडणार होता! हसण्याच्या नादात पेरीनचा हात टेबलाकडे गेलेला त्याला दिसलाच नाही.

"अगं, हात नको लावूस!"

"अय्या, हा होय चेंडू!" ती वस्तूवरून हात फिरवत, डोळे मोठे करून बघत होती. "आणि हा टोचरा तो ठोकळा. सोपं आहे की!"

त्याने घाईघाईने पट्टी बांधली, गाठ होती तशीच मारली. "हे कुणाला सांगायचं नाही. आईची शपथ घे."

तिने घेतली.

दुसऱ्या दिवशी दलास्त्रने घुमत्या आवाजात प्रश्न विचारला. पेरीनने दोन्ही वस्तूंकडे पाहिलं आणि बोटाने दाखवलं. "हा चेंडू. हा ठोकळा."

दिवाणखाना टाळ्यांनी दणाणला. मादामने दलास्त्रच्या गालाचं चुंबन घेतलं. हा निकाल आता पॅरिसला जाणार होता. खांबाआडून आन्सेल्मने ते सारं पाहिलं, आणि त्याला राहवलं नाही.

"खोटं आहे हे!" तो उभा राहून ओरडला. "हिने काल या वस्तू पाहिल्यात, हाताळल्यात. पट्टी मी सोडली होती!"

आज त्याचा आवाज मागपर्यंत पोचला. कुणीतरी खुदकन हसलं.

"गाठ माझी आहे," गॉद्री तडकून म्हणाला. "मारली तशीच होती, आत्ता मीच सोडली."

"कॉर्विसी, अहो किती जळाल!" मादाम म्हणाली. "पेरीन, काल कुणी पट्टी सोडली होती का गं?"

मघाशी आन्सेल्मचा आवाज आला होता तिकडे पेरीनने मान वळवली. "नाही, बाई. कुणीच नाही."

"पेरीन, खरं सांग! तुला शपथेतून मोकळं केलं मी!"

"आता शपथही काढली!" दलास्त्र म्हणाला. हशा उसळला. मग त्याने समजुतीच्या सुरात पुढे म्हटलं, "बसा, मित्रा. तुमचं म्हणणंच खरं मानू. पण पुरावा?"

पुरावा एकच होता: पेरीनची पहिली नजर. ती आन्सेल्मने एकट्याने वापरून संपवली होती.

लोक पांगल्यावर पेरीन भिंत चाचपत त्याच्यापाशी आली. डोळ्यांवर तिचा अजून भरवसा नव्हता.

"साहेब, किती परीक्षा घेतलीत माझी," ती हळूच म्हणाली. "पण मी फुटले नाही. खूश ना?"