आर सातची जागा

"उद्यापासून येऊ नका, सिद्धम्मा." उदयसिंहने जळका बोर्ड टेबलावर आपटला. सूत तुटलं की यंत्रमाग थांबवायचं काम त्या बोर्डाचं. चालू करताच त्यातून धूर निघाला होता.

"मालक, यादीत आर सात म्हनून जे रेझिस्टर लिवलंय, तेच बोर्डावरच्या आर सातला लावलं की म्या!"

"मग जळलं कसं? आधी डोळ्यांचा नंबर काढा."

दोघंतिघं हसले. बोर्डांचं डिझाइन करणारी संघप्रिया हसली नाही. चूक वरून गडगडत येते आणि सगळ्यात खाली बसलेल्याच्या पाठीत बसते, हे ती शाळेपासून बघत आली होती.

तिने संगणकावर बोर्डाच्या जोडण्यांचा नकाशा उघडला. त्यातले भागांचे नंबर जळक्या बोर्डाशी जुळेनात. बोर्ड छापायला गेल्यावर उदयसिंहने फर्मावलं होतं, "नकाशात भागांचे आकडे कसेही पसरलेत. गिऱ्हाइकाला दाखवायचंय, डावीकडून ओळीनं लाव." तिने बटण दाबलं. नकाशाला नवे नंबर मिळाले, छापलेल्या बोर्डावर जुनेच राहिले. यादी निघाली नव्या नकाशावरून; यादीतला आर सात एक, बोर्डावरचा दुसराच.

"सर, चूक माझी आहे. आणि तुमची. मावशींची नाही."

"माझी?"

"ओळीनं लाव कोण म्हणालं?"

"अगं, मग तवाच सांगायचं की मला!"

"नाही सांगितलं. म्हणून तर माझी म्हणाले."

सिद्धम्मा डब्याची पिशवी घेऊन दारात पोचली होती.

"मावशी, थांबा. आता बोर्ड तुमीच लावायचा."

नंबर बदलला तरी प्रत्येक भागाची आतली ओळख सॉफ्टवेअर जपतं. त्या ओळखीच्या आधाराने संघप्रियाने बोर्डावरचे नंबर पुन्हा नकाशात आणले. एक भाग अडला. तो कॉपी करून चिकटवलेला, त्याची ओळखच तुटलेली. पडद्यावर दोन-दोन आर सात! त्याच्या जोडण्या एकेक तपासून तिने खरा आर सात ठरवला आणि नवी यादी काढली.

सिद्धम्माने त्या यादीप्रमाणे नवा बोर्ड जोडला. तो लावताच कोपऱ्यातला चाचणीचा माग खडखडला. संघप्रियाने सूत तोडलं. माग जागच्या जागी थांबला.

"झालं तर. लागा कामाला," उदयसिंह म्हणाला.

"आधी मावशींशी बोला. ओरडलात सगळ्यांसमोर, आता हेही सगळ्यांसमोर."

उदयसिंहने घसा खाकरला. "सिद्धम्मा... तुमचं चुकलं नव्हतं."

"मला म्हाईत हाय की," सिद्धम्मा म्हणाली. तिने पुढचा बोर्ड ओढला, तापलेली सोल्डरिंगची कांडी ओल्या स्पंजवर पुसली. चर्र झालं. हसणारे खाली मान घालून कामाला लागले.