बशीरभाईची मान

धामणगाव बढ्यात साठी उलटलेल्या माणसाची पत आता मानेवरून ठरते. ज्याच्या मणक्यात गॅप निघाला तो मोठा. चावडीसमोरच्या ओट्यावर लोक एमआरआयचे फोटो उन्हात धरून बघतात, मुलीची पत्रिका बघावी तसे. त्यात उत्तमराव सगळ्यांत पुढे. त्यांचे मणके झिजलेले निघाले होते आणि गळ्यात पट्टा होता. पट्ट्याने मान वळत नसे, म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर समोर येऊन उभं राहायचं, असा रिवाजच पडला होता.

बशीरभाई शिंप्याला ओट्यावर कोणी विचारत नसे. त्याची मान दुखतच नव्हती. फक्त हातातून सुई निसटायची, काज करताना बोटं ऐकायची नाहीत आणि चालताना पाय जड पडायचे. घर शिलाईवर चालत होतं. ती गेली तर त्याच्याजवळ दुसरी विद्या नव्हती.

ओट्याचं मत पडलं की चमक भरली असेल. गावात रुखमाबाई पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले होते. अशा माणसाने लाथ मारली की चमक निघते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शनिवारी सकाळी तिने बशीरभाईच्या मानेवर पाय द्यायचा, असं ठरलं.

आदल्या दिवशी उत्तमराव मलकापूरला डॉक्टरीणबाईंकडे निघाले. पट्टा लावून रस्ता ओलांडताना बाजूची गाडी दिसत नाही, म्हणून बशीरभाईला सोबत घेतलं.

बाईंनी फोटो बाजूलाच ठेवला. उत्तमरावांचा पट्टा आणि सदरा काढायला लावून मान चारी बाजूंना फिरवून बघितली. डोकं हलकेच दाबून हातात कळ जाते का, विचारलं. कोपरावर, गुडघ्यावर हातोडी मारली. मग म्हणाल्या की केस पिकतात तसे या वयात मणकेही झिजतात, हातपाय शाबूत आहेत, पट्टा सोडा आणि व्यायाम करा. एवढा फोटो काढून आजारच निघाला नाही, म्हणून उत्तमरावांचा चेहरा उतरला.

पट्ट्यात राहून अवघडलेल्या मानेने उत्तमरावांना खाली बघता येईना, म्हणून सदऱ्याची बटणं लावायला बशीरभाई पुढे झाला. शिंप्याला एकही बटण लागेना. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी त्याला मूठ भराभर उघड-मीट करायला सांगितली, ती अडखळत उघडली. त्याच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. पावलाला पाऊल लावून चालवलं, तर त्याने भिंत धरली.

"मानेत मुख्य नस दबली आहे, काका. दुखत नाही म्हणून कळलं नाही. उद्याच मोठ्या दवाखान्यात जा, नाहीतर हात जातील. आणि मानेला कोणाला हात लावू देऊ नका."

"अन् पाय?" बशीरभाईने रुखमाबाईला आठवून विचारलं.

शनिवारी रुखमाबाई पाय धुऊन ओट्यावर हजर झाली. बशीरभाई आणि त्याची बायको शाहजादी पिशवी घेऊन बसला निघाले होते. लोकांनी त्यांना अडवलं. दुखत नाही, फोटो नाही, मग रोग कसला? आणि आलेल्या पायाळूला परत पाठवणं बरं नव्हे. आता लोकांनी ऐकलं असतं तर फक्त उत्तमरावांचं. बशीरभाई त्यांच्याकडे बघत राहिला.

उत्तमरावांनी गावात येताना पुन्हा बांधलेला पट्टा सोडला. "माह्या मानेले काही झालं नाही," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई म्हने, म्हातारा झाला, बस. रोगी हा हाय. याच्या मानेवर पाय देशीन तर याचे हात जातीन, रुखमाबाई."

ओट्यावर हशा पिकला. बरोबरीच्या तुळशीरामने विचारलं, "मंग आमाले रोज समोर उभं काऊन करत होता बे?"

"अन् मी सक्काळी सक्काळी पाय धुतले ते?" रुखमाबाई म्हणाली.

उत्तमराव ओट्यावर पालथे झाले. "माह्या कमरेत दे. बशीरभाई, तू गाडी पकड."

रुखमाबाईने हात राखला नाही, पायही राखला नाही. उत्तमरावांना उठता येईना. लोक बाज आणायला धावले आणि कमरेचा फोटो कुठे चांगला निघतो यावर वाद सुरू झाला. उत्तमराव पालथ्यानेच विचारत होते, गाडी गेली का.