सेल काढलेला रिमोट

वडिलांना अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत मास्तरांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. रडू नाही, राग नाही, भाजी अळणी झाली तरी तक्रार नाही. दहावीची पोरं त्यांना मागून ‘टेप’ म्हणत, कारण विज्ञानाचा प्रत्येक धडा ते दरवर्षी त्याच विनोदांसकट वाजवत. यंदा विनोद तेवढे गळाले होते. पोरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. विनोद मुळात बेताचेच होते.

शनिवारी वडिलांना शुश्रूषागृहात न्यायचं होतं. फॉर्म टेबलावर पडून होता आणि त्यात एकच प्रश्न भरायचा राहिला होता : रुग्णाला समजतं का? ‘हो’ लिहिलं तर पुढची खोली, रोज व्यायाम, बोलायला माणूस. ‘नाही’ लिहिलं तर मागची खोली, वेळेवर खाणं आणि कूस बदलणं. डॉक्टर म्हणाले होते, “चोवीस तास तुम्ही बघता, तुम्हीच ठरवा.” मास्तरांनी ठरवलं होतं. वडिलांची वाचा गेलेली, नजर छताला लागलेली. हलायचा तो डाव्या हाताचा अंगठा, तोही रिमोटवर.

वडिलांना सोबत म्हणून बायको सकाळी टीव्ही लावी, तो झोपेपर्यंत चाले. सुरुवातीला तो सारखा बंद पडायचा. “उगाच दाबत बसतात हो,” असं म्हणून तिनं रिमोटमधले सेल काढले आणि टीव्हीच्या कडेचं बटण वापरायला लागली. रिमोट काढून घेतला की वडील विव्हळत, म्हणून तो हातात राहू दिला.

त्या दिवशी वर्गात विद्युतचुंबकीय तरंगांचा धडा होता आणि प्रयोगशाळेतला रिमोट कुणीतरी लंपास केला होता. मास्तरांनी झोपलेल्या वडिलांच्या हातातला रिमोट अलगद काढला आणि नवे सेल घालून शाळेत नेला.

“रेडिओपासून गॅमापर्यंत सगळी सख्खी भावंडं,” ते फळ्याकडे बघत म्हणाले. “फरक फक्त लांबीचा. रेडिओची लाट या इमारतीहून लांब असू शकते, क्ष-किरणाची जेमतेम अणूएवढी. पोकळीत वेग मात्र सगळ्यांचा एकच, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. आपल्याला दिसते ती मधली चिंचोळी पट्टी. लाल रंगाहून जरा लांब लाटांचे अवरक्त किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत.”

त्यांनी रिमोटचं तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबलं. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “म्हणजे सर, आपल्याला दिसत नव्हता तेव्हापण तो लागतच होता?”

“लागतच होता. उतरवून घ्या, परीक्षेला येतं.”

घरी येऊन त्यांनी रिमोट वडिलांच्या हातात ठेवला. सेल काढायचे राहून गेले. टेबलाशी बसून त्यांनी पेन उघडलं, तोच टीव्ही बंद झाला.

“वीज गेली का?” बायकोनं आतून विचारलं.

पंखा फिरत होता. मास्तरांनी उठून टीव्ही लावला. तो पुन्हा बंद झाला. त्यांनी खिशातून मोबाइल काढून वडिलांच्या हातासमोर धरला. अंगठा एकाच बटणावर होता, आणि पडद्यावर ठिपका लुकलुकत होता.

“बाबा, कळतंय तुम्हाला? कळत असेल तर लावा.”

टीव्ही लागला.

“आता बंद करा.”

बंद झाला.

आठ महिने मालिकांची रडारड, बातम्यांतली भांडणं आणि साबणाच्या जाहिराती या माणसाच्या कानांवर आदळत होत्या. तो बंद करा म्हणून सांगत होता, आणि त्यांनी त्याचे सेल काढून घेतले होते. मागच्या खोलीचं बोलणंही याच पलंगाशी उभं राहून झालं होतं. मास्तरांना लाज वाटली. इतक्या दिवसांनी काहीतरी वाटलं, ते हे.

बायको दारात येऊन उभी राहिली होती.

“नाही पाठवत तुम्हाला कुठे,” मास्तर घाईघाईनं म्हणाले. “इथंच राहायचं ना बाबा? लावा टीव्ही.”

पडदा काळाच राहिला. त्यांनी मोबाइलमधून पाहिलं. ठिपका नव्हता. अंगठा बटणावरून उचललेला होता.

“दमले असतील,” बायको हळूच म्हणाली.

पुढचा प्रश्न मास्तरांना विचारायचा नव्हता. पण उत्तर देणारा माणूस समोर होता.

“तिकडे जायचंय?”

टीव्ही लगेच लागला.